मनामा, तिमाहीअखेर

गुडघा शाबूत होता.
हे आधीच सांगून टाकते,
कारण सगळ्यांना गुडघाच हवा असतो.
ऑफिसातला शाजी विचारतो, घरमालकीण उम्म खलील विचारते,
मला बघायला आलेला तो दोह्याचा इंजिनिअरही विचारून गेला:
"मग, दुखापत झाली का?"
नाही. चवड्यांपासून मानेपर्यंत सगळं जागेवर होतं.
वाळव्याच्या मैदानावर
दोन मिनिटं चाळीस सेकंद
मी कुणाच्या हाती लागत नव्हते
आणि बावीस वर्षांची होते.

मी बेरीज केली.
वसतिगृहातल्या लोखंडी कॉटवर बसून,
सामन्यांच्या वेळापत्रकाच्या पाठकोऱ्या कागदावर:
रेल्वेतली खेळाडूंच्या कोट्यातली जागा, निघाली तर,
भत्ता, वेळेवर आला तर,
अजून सहा वर्षं, पाय देतील तर.
एवढे 'तर' एका रकान्यात मावेनात.
दुसऱ्या रकान्यात एकच ओळ होती.
तिच्याखाली मी दोन रेघा मारल्या.

सुर्वे मास्तरांनी शिट्टी शर्टाच्या टोकाला पुसली,
खिशात ठेवली.
"उद्यापासून चौथ्या चौकोनात कोण बसेल,
ते तूच सांग."
मी वैजूचं नाव सांगितलं.

इथे आठवडा रविवारी सुरू होतो.
एकोणिसाव्या मजल्यावरून समुद्र दिसतो, उथळ,
काचेच्या बांगडीसारखा हिरवट,
आणि त्यात भर घालून केलेली नवी जमीन,
जिच्यावर अजून कुणाचं कोपर सोललेलं नाही.
मी सुकूकचे हिशेब तपासते.
दिनाराला दशांशाची तीन स्थळं,
हे मला पहिल्याच दिवशी आवडलं.
तिसऱ्या स्थळावरची चूक हुलकावणी देते,
मी रात्री अकरापर्यंत तिच्या मागे असते,
आणि खोटं कशाला बोलू,
सापडली की तोच आनंद होतो.
जवळजवळ तोच.
माती नसते दातांत, एवढंच.

मार्चअखेरच्या रात्री
सातशे चाळीस फिल्स जुळत नव्हते.
एसी असा की शाल गुंडाळलेली,
डोळा लागला असेल माझा खुर्चीतच,
पाय मात्र एक पुढे, एक मागे, टाच उचललेली.
हनान मागून आली.
पाठीवर हात ठेवला.
'घरी जा' एवढंच म्हणायचं होतं तिला.

मी उठले ती सुटलेच.
उजवीकडे, खांदे दिशेला धरून,
शाजीचं टेबल, पाण्याचं यंत्र, झेरॉक्स,
चहाचा एक कप गेला,
लाल नळीजवळच्या खांबाला हात लागला
तेव्हाच थांबले.

मजला गप्प.
प्रिंटरमधून एक कागद अर्धा बाहेर आलेला.
हनानचा हात अजून हवेत,
माझी पाठ होती तिथे.

मी म्हणाले, आमच्याकडे एक खेळ आहे.
आठ जणी ओळीत बसतात, एक इकडे तोंड करून, एक तिकडे,
शेजारणीचा चेहरा दिसत नाही.
मागून कुणी येतं, पाठीवर थाप मारतं, एक शब्द म्हणतं,
की तिची धाव तुझी
आणि ती तुझ्या जागी.
"कोणता शब्द?"
मी म्हणाले.
काचेच्या त्या खोलीत तो फारच छोटा वाटला.
तिने म्हणून पाहिला.
तिचा ख घशाच्या तळातून आला, खरखरीत,
आमच्यापेक्षा बरा.
"आणि तुझ्या जागी कोण बसलं?"

वैजू.
गुडघा तिचा गेला. तिसऱ्या मोसमात, खांबाजवळ.
शस्त्रक्रियेला मी पैसे पाठवले होते,
तिने ते तीन हप्त्यांत परत केले,
दरवेळी पावती मागून घेतली.
हे हनानला सांगितलं नाही.
फरशीवरचा चहा पुसला.

सातशे चाळीस फिल्स पहाटे सापडले,
कुणीतरी दोनदा धरलेले.
मी टाच खाली टेकवून बसले.
थोड्या वेळाने पाहते तर
उचललेली.